हिंसाविरोधी कामाचं वर्ष कसं आखावं?

प्रश्न असा आहे: बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात नवी महिला संघटना काम करते आहे. 25 नोव्हेंबर ते 10 डिसेंबर हा हिंसाविरोधी पंधरवडा आणि 8 मार्च, हे त्यांचे वर्षातले दोन मोठे कार्यक्रम. रॅली, पथनाट्य, कॉलेजात व्याख्यानं, सगळं होतं. पण मदत मागायला येणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या, आणि आलेल्यांपैकी बऱ्याच पुन्हा फिरकत नाहीत. वर्षाचं नियोजन कसं करावं आणि काम झालं की नाही हे कशावरून ठरवावं, असं कार्यकर्तीनं विचारलं आहे.

ताई, मी मराठवाड्यात बरीच वर्षं हेच काम करते आहे, म्हणून थेट सांगते. तुमचं वर्ष तुम्ही दिनविशेषांवर बसवलंय. ते बायकांच्या वर्षावर बसवा. बाई गावात कधी असते, कधी नसते, मारहाण कधी वाढते, कोर्ट कधी बंद असतं, पोरींची लग्नं कधी ठरतात, हे आधी कागदावर मांडा. दिनविशेष त्यात जिथे बसतील तिथे बसवा. आणि वर्षातला सगळ्यात मोठा वेळ, माणसं आणि पैसा पाठपुराव्याला ठेवा. तुमच्याकडे येऊन गेलेली बाई सहा महिन्यांनी कुठे आहे हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर आणखी एका रॅलीनं काही होणार नाही.

25 नोव्हेंबरला माझा अजिबात विरोध नाही. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये 1960 साली याच तारखेला हुकूमशहा त्रुहियोच्या माणसांनी मिराबाल भगिनींना ठार मारलं. 1981 मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी तो दिवस हिंसाविरोधी दिन म्हणून पाळायचं ठरवलं आणि 1999 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याला मान्यता दिली. मानवी हक्क दिनापर्यंतचे सोळा दिवस 1991 पासून पाळले जातात. या दिवसांमागे बायकांचं रक्त आहे, ते पाळलेच पाहिजेत. पण तुमच्या तालुक्याचं बघा. दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टर-ट्रक भरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पार कर्नाटकापर्यंत. तुम्ही चौकात पथनाट्य करता तेव्हा जिच्यासाठी ते आहे ती बाई फडात पहाटेपासून मोळ्या बांधत असते. गावात म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली पोरं. तुमच्याकडे बायका येत नाहीत याचं अर्धं कारण हे आहे.

म्हणून तुमच्या तालुक्यात खरा पंधरवडा दसऱ्याच्या आधी. मुकादम, म्हणजे टोळी नेणारा कंत्राटदार, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) वाटतो त्या दिवसांत. ऊसतोडीचा व्यवहार कोयत्यावर चालतो आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण हिंसेच्या दृष्टीनं याचा अर्थ काय होतो तो नीट बघा. उचल नवऱ्याच्या हातात पडते, फेडायची मात्र दोघांनी. हंगामाच्या मध्यात बाई मारहाणीला कंटाळून माहेरी निघाली तर कोयता मोडतो आणि मुकादम वसुलीला तिच्या बापाच्या दारात जातो. म्हणजे तिला धरून ठेवण्यात नवऱ्याइतकाच मुकादमाचाही स्वार्थ असतो. पोरींची लग्नं लवकर उरकण्यामागेही हेच गणित आहे. पोरीला पालावर, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांत, न्यायची भीती, मागे एकटी ठेवायचीही भीती, आणि लग्न लागलं की नवा कोयता तयार. या भागातल्या बालविवाहावर बोलताना नुसतं अज्ञान-अंधश्रद्धा म्हणून चालणार नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाडी-वस्तीवर बसा. भाषण नको. पंधरा-वीस बायका, अंगणवाडी सेविका, आशाताई आणि दोन तास. प्रत्येकीला पोलिसांचा 112, महिला हेल्पलाइनचा 181 आणि तुमचा नंबर पाठ झाला पाहिजे. चिठ्ठी पालावर टिकत नाही. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांच्या झेरॉक्स गावातच विश्वासाच्या माणसाकडे ठेवायला सांगा. आणि दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगा, कारण त्या बहुतेकींना माहीतच नसतात. एक, गुन्हा कुठेही घडला असला तरी जवळच्या कोणत्याही पोलिस ठाण्यात तक्रार घ्यावी लागते. ‘तुमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये, म्हणजे 1 जुलै 2024 पासून, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. दोन, कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या कोर्टातही करता येतो. पालावर असेल तर तिथे, माहेरी आली तर माहेरच्या तालुक्यात. सासरच्या कोर्टात खेटे घालायची सक्ती नाही.

त्याच बैठकीत मागे राहणाऱ्या पोरींची यादी करा. कोणती मुलगी कोणाकडे राहणार, शाळेत जाणार का, हे हंगामभर बघायला गावातली एक बाई नेमून ठेवा.

हंगामात तुमची संघटना फोनवर चालेल. ज्या भागात तुमच्या टोळ्या जातात तिथल्या एखाद्या संघटनेशी आधीच ओळख करून ठेवा, म्हणजे रात्री नऊला फोन आला तर तिथे कोणाला पाठवायचं हे शोधत बसावं लागत नाही. माणसं परततात मार्च-एप्रिलमध्ये. आल्यावर हिशोब होतो, उचल फिटलेली नसते, आणि घरातलं भांडण तिथे पेटतं. अक्षय्य तृतीया आणि पुढची लग्नसराई याच सुमारास. त्यातच मे महिन्यात कोर्टाची उन्हाळी सुट्टी लागते. त्यामुळे एप्रिल हा तुमचा सगळ्यात धावपळीचा महिना धरा आणि त्या महिन्यात एकही प्रशिक्षण, एकही सहल, एकही अहवाल लावू नका. अर्ज सुट्टीच्या आधी दाखल करून अंतरिम आदेश मागायचा, नाहीतर बाई जूनपर्यंत लटकते आणि लटकलेली बाई बहुधा परत नांदायला जाते.

बालविवाहाचं थोडक्यात. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याला कळवा, 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर कळवा, आणि लेखी कळवा. लग्न थांबवण्याचा मनाई आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. लग्न लागून गेलं असेल तरी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत मुलीला ते रद्द करून मागता येतं. पण थांबवलेलं लग्न महिन्याभरानं दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन लावतात, म्हणून त्या मुलीच्या घरी वर्षभर जात राहावं लागतं.

आता मुख्य गोष्ट, केस. बाई पहिल्यांदा येते तेव्हा एकटी क्वचितच येते. आई असते, भाऊ असतो, कधी सासूच घेऊन आलेली असते. इतरांना चहा द्या, बाहेर बसवा, आणि तिच्याशी एकटीशी बोला. मुलगी अठरा वर्षांखालची दिसत असेल तर तिनं काही सांगायच्या आधीच तिला समजावून सांगा की लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानं आपल्याला ती कळवावीच लागते. विश्वासानं सगळं ऐकून घ्यायचं आणि मग पोलिसांकडे जायचं, असं केलं तर ती पुन्हा कोणाजवळच बोलणार नाही.

‘मारतो का?’ एवढं विचारून भागत नाही. ‘हो, कधीकधी’ एवढंच उत्तर मिळतं. पहिली वेळ, शेवटची वेळ आणि सगळ्यात वाईट वेळ, अशा तीन घटना तिच्या शब्दांत लिहून घ्या. कशानं मारलं, कुठे लागलं, कोणी पाहिलं, दवाखान्यात काय सांगितलं. मग धोक्याचे प्रश्न. कधी गळा दाबलाय का? हत्यार किंवा रॉकेल हातात घेतलंय का? गरोदर असताना मारलंय का? मारणं अलीकडे वाढलंय का? जीव द्यावा असं तिला वाटतं का? ती सोडून जाणार आहे हे त्याला कळलंय का? गळा दाबल्याची खूण बऱ्याचदा दिसत नाही, बाईही ते सहज सांगून जाते, पण ज्या नवऱ्यानं एकदा गळा दाबलाय त्याच्या हातून पुढे खून होण्याची शक्यता कितीतरी पटीनं वाढलेली असते. अशा बाईला ‘विचार करून या’ म्हणून परत पाठवायचं नाही. आणि बाई घर सोडते तो काळ सगळ्यात घातक असतो, म्हणून ‘सोड त्याला’ हा सल्लासुद्धा राहण्याची सोय, पोरांची सोय आणि पुढच्या दोन आठवड्यांची आखणी झाल्याशिवाय द्यायचा नाही.

निघताना तिला विचारा: आम्ही फोन केला तर चालेल का, कोणत्या वेळी, आणि दुसऱ्यानं उचलला तर काय सांगायचं? ‘बचत गटातून बोलतेय, हप्त्याचं विचारायचं होतं’ एवढं ठरवून ठेवलं तरी खूप होतं. हे न विचारता केलेल्या एका फोनमुळे बाईला त्या रात्री मार बसू शकतो. हे केसपेपरच्या पहिल्याच पानावर, नावाखाली लिहा.

पाठपुराव्याची वही वेगळी ठेवा. पहिल्या आठवड्यात एकदा, महिन्यानं, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं. प्रत्येक वेळी तेच चार प्रश्न: मारहाण थांबली का? तिच्या हातात पैसा आहे का? मुलं कुठे आहेत? तिला हवं होतं ते तिला मिळालं का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण तिला काय हवं आहे आणि आपल्याला काय योग्य वाटतं यात फरक असतो. एखादीला घटस्फोट नको असतो, दारू सुटायला हवी असते. एखादीला फक्त तिचे दागिने आणि पोरांचे दाखले हवे असतात. तिथे आपलं मत तिच्यावर लादायचं नाही.

बायका पुन्हा फिरकत नाहीत म्हणता, त्याचं एक कारण नवरा-बायकोला समोरासमोर बसवून घेतलेल्या तुमच्या संयुक्त बैठका असू शकतात. तंटामुक्ती समितीत, पोलिस ठाण्यात आणि दुर्दैवानं आपल्या काही संघटनांतही ‘समझोता’ म्हणजे बाईला नांदायला पाठवणं असंच धरलं जातं. नवरा चार माणसांत हात जोडतो, स्टँपपेपरवर सही होते आणि केस निकाली. माझं मत यात पक्कं आहे: बाईनं स्वतः मागितल्याशिवाय बैठक नाही, धोक्याच्या प्रश्नांत गळा किंवा हत्यार आलं असेल तर बैठक नाही, आणि बैठकीत ‘थोडं तूही सांभाळून घे’ हे वाक्य कार्यकर्तीच्या तोंडून निघता कामा नये. हिंसा तडजोडीचा मुद्दा नाही. खर्चाचे पैसे, वेगळं राहणं, मुलांची शाळा, हे बैठकीत ठरू शकतं. मारणं बंद, ही मात्र बैठकीला बसायची अट आहे, बैठकीतला विषय नव्हे.

कायद्याचं काम करताना 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा हे तुमचं रोजचं हत्यार. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. संरक्षण आदेश, घरात राहण्याचा हक्क, आर्थिक मदत, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई, सगळं एकाच अर्जात मागता येतं. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात हे तुम्ही पाहिलंच असेल. म्हणून कलम 23 खालचा अंतरिम अर्ज मूळ अर्जाबरोबरच लावायचा, नंतर नाही. घटना अहवाल, म्हणजे आपण डीआयआर म्हणतो तो, संरक्षण अधिकाऱ्यासमोर, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, बसून भरायचा. ‘मानसिक व शारीरिक छळ’ असं मोघम लिहू नका, त्या तीन घटना तारखा-वारांसकट उतरवा.

पोटगीत नवऱ्याचं उत्पन्न दाखवणं ही आपल्याकडची मोठी अडचण. ‘मी मजूर आहे, काम मिळत नाही’ हे ठरलेलं उत्तर. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं सांगितलं आहे. ऊसतोडीच्या घरात उचलीचा कागद किंवा स्टँपपेपर असेल तर त्याची प्रत मिळवा, फोटो तरी काढून ठेवायला सांगा. त्याच्या उत्पन्नाचा त्याहून चांगला पुरावा सापडणार नाही. आणि आदेश झाला म्हणजे पैसे आले असं समजू नका. दोन महिने थकले की वसुलीचा अर्ज. हे काम कंटाळवाणं आहे, याचा फोटो निघत नाही, पण बाईच्या घरात धान्य याच कामातून येतं.

वकिलाचा खर्च अडत असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्या वकिलाबरोबर तारखेला तुमची एक कार्यकर्ती उभी असली पाहिजे, दर तारखेला. कोर्टाच्या व्हरांड्यात सासरची सात-आठ माणसं आणि ही एकटी, यातच अर्ध्या केसेस मागे घेतल्या जातात.

यंत्रणेशी ओळख केस असेल तेव्हाच काढू नका. महिन्यातून एक दिवस ठरवा: पोलिस ठाणे, संरक्षण अधिकारी, ग्रामीण रुग्णालय, हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचं सरकारी सखी वन स्टॉप सेंटर. कोण बदलून गेलं, कोण नवीन आलं, हे कळत राहतं. महाराष्ट्रात याची मोठी परंपरा आहे. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांबरोबर पोलिस यंत्रणेच्या आतच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उभं राहिलं, म्हणजे जखम बांधायला आलेल्या बाईला तिथेच आधार मिळावा. आमच्याकडे या, असं म्हणून बसण्यापेक्षा बाई जिथे आधीच जाते तिथे आपण असावं, हे त्यामागचं शहाणपण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त 14 टक्के जणींनी कुठे मदत मागितली असं दिसलं, आणि तीही बहुतेक माहेरी. पोलिसांपर्यंत पोचणाऱ्या फारच थोड्या. तेव्हा आशाताई आणि सरकारी दवाखान्यातली सिस्टर तुमच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणी असायला हव्यात.

जाहीर कार्यक्रम करा, पण दोन पथ्यं पाळा. कार्यक्रमानंतरचे पंधरा दिवस कार्यालय रोज उघडं आणि फोन रोज चालू हवा. मनातलं बोलायची हिंमत बाईला त्या दिवसांत येते आणि कुलूप दिसलं की ती कायमची मावळते. आणि पीडित बाईला व्यासपीठावर उभं करून तिची कहाणी सांगायला लावू नका. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि इतर बाबतीतही सत्काराची शाल घेऊन ती संध्याकाळी त्याच गावात परत जाणार असते. 8 मार्चला बोलायचंच तर इतिहास सांगा. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलिस चौकीत एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं, पुढच्या वर्षी चार कायदा-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं 498-अ हे कलमही त्याच वर्षीचं, आज ते भारतीय न्यायसंहितेत 85 आणि 86 म्हणून आहे. पोरींना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात, मी पाहिलंय.

ग्रामसभांच्या तारखा वर्षाच्या वहीत आधीच लिहा: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. तुमच्यासाठी 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर महत्त्वाच्या, कारण तेव्हा माणसं गावात असतात. त्याआधीच्या महिला सभेत एकच ठोस ठराव घ्या. ठराव कसा गाजू शकतो हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करून दाखवलं. जानेवारीत कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रार समित्यांचे वार्षिक अहवाल द्यायचे असतात. तालुक्यातल्या बँका, कॉलेजं, कारखाना यांच्याकडे जाऊन समिती आहे का, बाहेरची सदस्य कोण, एवढं विचारलं तरी हालचाल होते. ऊसतोड, वीटभट्टी, घरकाम करणाऱ्या बायकांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिच्या सदस्यांचे फोन नंबर मिळवा, तक्रारीची मुदत तीन महिन्यांची आहे.

पैशांबद्दल एवढंच की देणगीदार कार्यक्रमाला पैसे देतात, प्रवासाला देत नाहीत. तुम्ही मात्र अर्जात प्रवास, बाईला दोन रात्री ठेवायचा खर्च, झेरॉक्स आणि कार्यकर्तीचं मानधन हे आधी लिहा. आणि महिन्यातून एकदा कार्यकर्तींनी एकमेकींसमोर बसून स्वतःचं ओझं उतरवायची वेळ ठेवा. रोज असं ऐकणारी बाई आतून थकते, आणि थकलेली कार्यकर्ती पटकन ‘नांद’ म्हणून मोकळी होते.

वर्षाचा अहवाल लिहिताना किती कार्यक्रम, किती उपस्थिती हे शेवटच्या पानावर टाका. पहिल्या पानावर हे असू द्या: किती बायका आल्या, त्यातल्या कितींशी सहा महिन्यांनी संपर्क आहे, कितींची मारहाण थांबली, किती आदेश झाले आणि त्यातल्या कितींचे पैसे खरोखर मिळाले. पहिल्या वर्षी आकडे लहान येतील, तसेच छापा. मारहाण न थांबलेल्यांचाही आकडा छापा, कारण पुढच्या वर्षाचं काम त्यातच आहे.

एक काम मात्र लगेच सुरू करा, कारण त्याला वेळ लागतो. संस्था नोंदणीकृत असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 10 खाली सेवा पुरवठादार संस्था म्हणून नोंदणीचा अर्ज करा. चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे करा. नोंदणी झाली की डीआयआर तुम्हाला स्वतःला भरता येतो, बाईला वैद्यकीय तपासणीला आणि निवाऱ्याला नेण्याचा अधिकार मिळतो, आणि सद्भावनेनं केलेल्या कामासाठी तुमच्यावर कारवाई होऊ शकत नाही. टोळ्या परत येतील तोवर ते हातात असेल तर यंदाचा एप्रिल तुम्हाला सोपा जाईल.